खलनायकाचा हुंदका

हरेल तिने खिडकीजवळचा पलंग सोडायचा, असं बहिणींमध्ये ठरलं होतं. वाद होता अ‍ॅनिमे चित्रपटातल्या खलनायकावरून. “साफ पोकळ लिहिलाय तो, ताई!” धाकटीने त्याच पलंगावर उशी आपटली. “उगाच कुणी अख्खा समुद्र आटवतं का?” “त्याची मुलगी बुडाली म्हणून.” “कुठली मुलगी? थापाडे! मरताना तो नुसता हुंदका देतो.” ताईने चित्रपट मूळ जपानीत पाहिला होता, धाकटीने आपल्या भाषेत डब केलेला, आणि त्यात खलनायकाचा आवाज बाबांचा होता. गुळण्या करून आलेले बाबा दारात थांबले. “तिथे वाक्य होतं गं. पण त्याचे ओठ जेमतेम हलतात. आपलं वाक्य बसेना, शेवटी मी हुंदका दिला.” “मग आत्ता बोलून दाखव ना,” धाकटी अडून बसली. बाबांनी घसा खाकरला, आवाज जड केला. “पोहायला मीच शिकवणार होतो तिला.” धाकटीने उशी उचलली.