मागच्या दाराची किल्ली
ग्रंथपाल बाईंना सातवीतल्या त्या वेणीवाल्या मुलीची लक्षणं काही बरी दिसेनात. जळालेल्या नाट्यगृहाची खरी हकिगत सांगणारं पुस्तक बाईंनीच तिच्या वर्गाला दिलं, तेव्हापासून ती वाचनालयाच्या मागच्या दाराभोवती घुटमळत होती. कधी पावलं मोजायची, कधी कुलूप ओढून पाहायची. पुस्तकं चोरीला जातात म्हणून ते कुलूप बाईंनीच लावलं होतं. आज कुलपाला हात लावताना त्यांनी तिला रंगेहाथ पकडलं. "काय गं, पुस्तकं पळवायचा बेत आहे ना?" "नाही बाई. त्या नाट्यगृहातही मागच्या दाराला कुलूप होतं, फुकटे शिरू नयेत म्हणून. आपली किल्ली कुठाय?" "माझ्याकडेच आहे की!" म्हणत बाईंनी ठसक्यात पर्स उघडली. मग खण उपसला, मग कपाट. शेवटी किल्ली रजिस्टरखाली सापडली. पोरगी घड्याळाकडे बघत होती. "सहा मिनिटं, बाई. पुस्तकातल्या लोकांना चारच मिळाली होती."