टँकरचं पासिंग

वस्तीवर येईपर्यंत टँकरच्या डॅशबोर्डवरचा उष्णतेचा काटा लाल पट्टीला टेकला होता. बब्रुवाननं इंजिन बंद केलं. बायांनी घागरी भरून घेतल्या, टँकर रिकामा झाला, तरी तो काट्याकडंच बघत बसला होता. दुपारी उमरग्यात आरटीओच्या साहेबांकडं गाडीचं पासिंग होतं. गाडी नापास झाली तर सोसायटीचा एकुलता एक टँकर उभा राहणार आणि मुरुम गावाच्या आसपासच्या वस्त्या कोरड्या पडणार.

धुराचं काम सकाळीच झालं होतं. फिल्टरमधली धूळ काढल्यावर काळा धूर निवळला होता. राहिला होता हा काटा.

सोबत आलेल्या सिद्धलिंग मिस्त्रींना बल्बचा संशय होता. इंजिनात बसवलेल्या, उष्णता मोजणाऱ्या त्या बल्बवरच काटा हलतो. बब्रुवानलाही बल्बच बिघडलेला हवा होता.

इंजिन निवल्यावर मिस्त्रींनी बल्ब बाहेर काढला. त्याची वायर तशीच ठेवून दुसरी एक वायर बल्बपासून गाडीच्या लोखंडाला जोडली. शेजारच्या खोपटातल्या नागम्मानं चुलीवरचं पातेलं आणलं. उकळत्या पाण्यात बल्ब बुडवला तसा काटा वर चढला. बाहेर काढून निवू दिला, तसा खाली आला.

"बल्ब चांगलाय," मिस्त्री म्हणाले. "इंजिनच तापतंय."

मग त्यांनीच वाट सुचवली. वायर काढून ठेवली की काटा खालीच राहतो. साहेब धूर बघतील, ब्रेक बघतील आणि सही करतील.

"आज सही व्हईल, मिस्त्री," बब्रुवान म्हणाला. "उद्या इंजिन जाम झाल्यावर साहेब पाणी घिऊन येणार हायेत का?"

त्यानं स्वतःच रेडिएटरचा खालचा पाइप सोडला. पाण्याऐवजी गाळ आला. मिस्त्रींनी विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं की प्यायचं पाणी खर्चायला नको म्हणून तो ओढ्यातल्या डबक्याचंच पाणी घालत आला होता. आता रेडिएटर धुवायला स्वच्छ पाणी हवं होतं. भरल्या घागरींकडं त्यानं मान वळवली नाही. मुरुमहून घागरभर पाणी घेऊन येतो म्हणाला आणि चालायला लागला.

नागम्मानं आपली घागर उचलून बॉनेटपाशी आणली.

"वत," ती म्हणाली.

तिच्यामागं आणखी दोघी आल्या. लाल गाळ वाहत राहिला. पाणी नितळ येईपर्यंत बब्रुवाननं हात थांबवला नाही. मग पाइप बसवून उरलेलं पाणी रेडिएटरमध्ये भरलं.

उमरग्यात साहेबांनी इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. काटा मधोमध थांबला. गाडी पास झाली.

बब्रुवान चहालाही न थांबता टँकर भरून वस्तीवर परतला. ज्या तिघींनी पाणी दिलं त्यांना आधी, असं म्हणत त्यानं नळी नागम्माच्या घागरीत सोडली. तिनं घागर बाजूला ओढली.

"आजपास्नं आधी रेडिएटर भरून घी," ती म्हणाली. "आमी थांबतो."