एका नावाची जागा

"थोरलीचं नाव कुठं गेलं? ते आधी सांगा, पाण्याचं मग बघू." आत्याने ग्लास टेबलावर आपटला. पाणी कीबोर्डपर्यंत ओघळलं.

शाळेच्या बस चालवणाऱ्या कंपनीचं ते ऑफिस. आत्याच्या दोन्ही बाजूंना तिच्या सहा वर्षांच्या जुळ्या भाच्या उभ्या होत्या, सारखे फ्रॉक, सारख्या वेण्या. काल पहिल्यांदाच त्या या बसने घरी यायच्या होत्या. शाळा सुटल्यावर बसमधल्या ताईने मोबाइलवरची यादी पाहिली होती. या घरचं एकच नाव आहे, एकीनेच चढायचं, असं म्हणून तिने दुसरीला खाली ठेवलं होतं. धाकटी घरी आली. थोरली मात्र आत्या धापा टाकत पोचेपर्यंत बंद फाटकापाशी उन्हात उभी होती.

"मी दोघींची नावं भरली होती," आत्या म्हणाली. "तुमच्या वेबसाइटवर 'आणखी एक मूल' असं बटण आहे ना? ते दाबलं, दुसरी ओळ उघडली, तीही भरली. मग गिळली कुणी?"

प्रोग्रामरने ओला कीबोर्ड पुसला आणि प्रोग्राम उघडला. पायथन या संगणकाच्या भाषेतला हा भाग तिनेच लिहिला होता. फॉर्ममधली एकेक ओळ घ्यायची, प्रत्येक मुलाची वेगळी नोंद करायची, इतकं साधं काम. पण पालक घाईघाईत फॉर्म दोनदा पाठवत. एकदा घरातलं नाव लिहीत, एकदा शाळेतलं, आणि एकाच मुलासाठी दोन जागा अडून बसत. साहेब वैतागले होते. म्हणून त्यांनी तिला एक अट घालायला लावली: आडनाव, जन्मतारीख आणि फोन नंबर जुळला, की मूल तेच. दुसरी नोंद करायचीच नाही.

तिचे कान तापले. "जुळी मुलं," ती पुटपुटली. "माझ्या डोक्यातच आलं नाही."

"अहो, जुळी असतात तरी कितीशी!" शेजारच्या टेबलावरून साहेब हसले.

"आमच्या घरात दोन आहेत!" आत्या कडाडली. "आमच्या लहानपणी बसमधला मामा तोंडं बघून पोरं चढवायचा. एक जरी कमी दिसलं, तरी बस जागची हलायची नाही. आणि तुमच्या त्या बाईला दोन पोरी समोर धडधडीत दिसत होत्या, तरी एकीला रस्त्यावर सोडवलं कसं?"

साहेबांचं हसू मावळलं. "टाका हो ते दुसरं नाव, आणि मिटवा एकदाचं," ते प्रोग्रामरवर खेकसले.

"नुसतं नाव टाकून मिटत नाही, सर! ती अटच मी काढून टाकणार आहे. तुम्हाला चालो न चालो." या ऑफिसात तिचा आवाज पहिल्यांदाच एवढा चढला होता. रागारागाने तिने नोंद उघडली, आणि थबकली. "थांबा. थोरलीचं नाव तर आहे यादीत. नाही ते धाकटीचं."

साहेब खुर्चीतून उठलेच. "ऐका! जिचं नाव होतं तीच खाली राहिली, आणि बोल आम्हाला? सकाळी सकाळी येऊन केवढा तमाशा! आधी पोरीला विचारा की, बाई."

आत्याचा चेहरा लालबुंद झाला. तिने थोरलीचा दंड धरून तिला गदागदा हलवलं.

"अगं भवाने, ताईने नाव वाचलं तेव्हा तुझे कान कुठं होते? तुझंच नाव होतं ना? मग मुकाट्याने चढायचं सोडून तिथं काय करत होतीस? माझा जीव जायची पाळी आली होती!"

धाकटीने भोकाड पसरलं. थोरलीने दंड सोडवून घेतला आणि धाकटीचा हात धरला.

"ही एकटी राहिली असती तर घाबरली असती," ती म्हणाली. "म्हणून मी हिला सांगितलं, आज माझं नाव तू घे."