महिन्याची चावी

"बाबा, याचं आता संपलं," जावई कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला आणि त्याने खुर्ची जरा मागे सरकवली.

घड्याळजींनी डोळ्याचं भिंग काढलं नाही. समोर कुणाच्या तरी आजोबांचं खिशातलं घड्याळ उघडं पडलं होतं आणि चिमट्यात केसाएवढा स्क्रू होता. "संपलं म्हणजे? चांगला चालतोय की."

"चालेल हो. पण कंपनीकडून यापुढे अपडेट येणार नाहीत. हे बघा, लिहूनच आलंय."

स्क्रू जागच्या जागी ठेवून घड्याळजी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी आले. पडद्यावर दोन ओळींचा निरोप होता. आजवर अशा निरोपाखाली 'नंतर आठवण करून द्या' असं बटण असायचं. या वेळी नुसतं 'ठीक आहे'. म्हणजे ठीक आहे की नाही, हे विचारायचीसुद्धा सोय नाही!

कॉम्प्युटर लेकीने आणला होता. कुणाचं घड्याळ कुठल्या खणात, त्याचं काय बिघडलंय, सगळं ती त्यात लिहून ठेवायची. तिला जाऊन चार वर्षं झाली. ती गेल्यावर महिन्याभराने जावई असाच दारात उभा राहिला होता. "याला महिन्यातून एकदा अपडेट करावं लागतं, बाबा. चावी दिल्यासारखं," तो म्हणाला. चावीचं नाव काढल्यावर घड्याळजींना लगेच पटलं. न पटायला काय झालं, त्यांचा सगळा जन्म चाव्या देण्यात गेलेला.

तेव्हापासून दर महिन्याचा दुसरा शनिवार. जावई यायचा, बटणं दाबायचा, मग दोघं शेजारी बसून पडद्यावरचा आकडा शंभरावर जायची वाट बघायचे. कधी कधी दोन-दोन तास. बोलणं बेताचंच. मध्येच केव्हातरी तिचा विषय निघायचा, थोडा वेळ चालायचा आणि चहाच्या कपाबरोबर संपायचा. घड्याळजींना त्या शनिवारची बुधवारपासूनच ओढ लागायची. पण या वयात जावयाची वाट बघतो, हे सांगायचं तरी कुणाला?

"माझ्याकडे साठ-साठ वर्षांची घड्याळं येतात," ते कुरकुरले. "त्यांना नाही कुणी असली पत्रं पाठवत."

जावई हसला. त्याने पिशवीतून नवा लॅपटॉप काढला. "जुन्यावर काम करणं धोक्याचं आहे, बाबा. कुणीही आत शिरेल. तिने लिहिलेलं सगळं यात आणून देतो. एक ओळसुद्धा जाणार नाही."

"आणि चावी?"

"याला लागत नाही. आपलं आपण करून घेतं."

 आपोआप चालणाऱ्या घड्याळांवर घड्याळजींचा मुळातच राग. ती घेऊन गेलेली गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं तोंड दाखवत नाहीत.

"चला, तुमचा हेलपाटा वाचला," ते म्हणाले. आवाज त्यांनी जमेल तितका साधा ठेवला.

"हो ना," जावई म्हणाला. "वाचला."

लॅपटॉप सुरू झाला आणि एकेक प्रश्न विचारू लागला. भाषा कोणती, वेळ कुठली, नाव काय. जावई पटापट उत्तरं देत होता. मग पडद्यावर आलं : 'अपडेट आपोआप करायचे का?' खाली दोन चौकोन, हो आणि नाही. त्याचं बोट वरच्या वर थांबलं.

घड्याळजींनी भिंग काढलं, चष्मा चढवला आणि वाकून ती ओळ वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

"हे जुन्यानेपण विचारलं होतं?"

जावयाने मान वर केली नाही. कान मात्र लाल झाले होते.

"विचारलं होतं."

"मग काय सांगितलंत?"

"नाही म्हणून सांगितलं."

घड्याळजींनी चष्मा काढून पुसला. पुसायला जरा जास्तच वेळ लागला.

"मग याला वेगळं कशाला सांगता?" ते म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.