चाळीसातली सदतीस झाडं

"बोलू नको. झाडाले आतून कोनी खाऊन राहिलं. आयक."

चांदूर बाजारच्या संत्र्याच्या बागेत रोजानं जाणारी सुंदराबाई, फांद्या फुटतात त्या बेचक्याला कान लावून उभी राहायची. श्वास रोखून. मग बोट ठेवायची, हे. मालक हसायचा. महिन्याभरानं तेच झाड पिवळं पडायचं. तिच्या लुगड्याला धरून उभी असलेली सात वर्षांची लेक माया तेव्हापासून ऐकत आली.

आता माया अमरावतीत, तिच्या पीएचडीचे मार्गदर्शक चिंतामण सर यांच्या केबिनमध्ये लॅपटॉपसमोर बसली होती. पीएचडी आवाजाच्या भौतिकशास्त्रात, अन् पुढची फेलोशिप हवी होती किड्यांच्या अभ्यासात. दोन शास्त्रांची सोयरीक जुळवणारी, तीन वर्षांची. झाड वरून हिरवंगार असतानाच आतली अळी माइकनं ऐकायची, एवढंच तिचं म्हणणं. पडद्यावर निवड समितीतले तिघं. शेजारी सर. टेबलावर फेलोशिपला लागणारं त्यांचं संमतीपत्र, अजून सहीवाचून.

"कल्पना आमच्या प्रयोगशाळेतली," सर सांगून बसले होते.

पडद्यावरच्या कीटकशास्त्राच्या बाईंनी चष्मा वर सरकवला. "सगळे माइक खोडाला लावतात, छातीच्या उंचीवर. तुम्ही बेचक्यात का लावला?"

"गणितानं काढलं," सर म्हणाले.

"कोणतं गणित?"

सरांनी मायाकडे पाहिलं. "सांग, माया."

दोन ओळींचं समीकरण तिच्याजवळ तयार होतं. तिनं पेन उचललं, अन् ठेवून दिलं.

"गणित मागून जुळवलं, मॅडम. जागा माझ्या आईनं दाखवली. ती बागेत रोजानं जायची. यंदा तिनं कान लावून चाळीस झाडं सांगितली. फांद्या चिरून पाहिल्या, तर सदतीस झाडांत अळी निघाली."

"आणि उरलेली तीन?"

"दोनांत मुंगळे. एकात काहीच नाही. त्या दिवशी सर्दी होती, म्हणते."

बाई हसल्या. मग अर्ज चाळत थांबल्या. "यात त्यांचं नाव कसं नाही?"

सरांचा हात पुढे आला. लॅपटॉपचा माइक बंद झाला.

"सही माझी व्हायची आहे अजून," ते हळूच म्हणाले. "समितीला शास्त्र लागतं, मायलेकीची कहाणी नाही. चुकून राहिलं, म्हण."

पडद्यावर तिघं वाट पाहत होते. "तुमचा आवाज येत नाही," बाई म्हणाल्या.

"सर, हात काढा."

त्यांनी काढला नाही. तिनंच तो मनगटाशी धरून, काचेचं भांडं ठेवावं तसा अलगद बाजूला ठेवला. माइक सुरू केला.

"मॅडम, पहिल्या अर्जात नाव होतं. सुंदराबाई जानराव तायडे. सरांनी काढायला सांगितलं," ती म्हणाली, "अन् मी काढलं."