हटकणारं कोणी

केळुसकरांनी इकडेतिकडे बघत हिंगाची डबी खिशात टाकली आणि कान टवकारले.

एरवी डबी खिशात गेली रे गेली, की रॅकमधून बाईचा आवाज यायचा, "काका, आज आमटीचा बेत का?" चोराला मायेनं हटकलं की तो वस्तू परत ठेवतो, हे संशोधनातून सिद्ध झाल्यावर दुकानानं रखवालदार काढून हा आवाज बसवला होता. केळुसकर डबी जागेवर ठेवायचे नि म्हणायचे, "आमटी कसली गं, एकट्यापुरती!" मग गप्पा रंगायच्या. बायको गेल्यापासून त्यांच्याशी एवढं कोणी बोललंच नव्हतं.

आज मात्र रॅक गप्प होता. त्यांनी साबणही खिशात टाकला. तरी शांतता.

"काका, ती नाही बोलणार आता," गल्ल्यावरची मुलगी हसून म्हणाली. "तुम्ही सगळं परत ठेवता, हे यंत्राला कळलंय. तुमच्यावरचा संशय मिटला." आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

डबी आणि साबण तसेच खिशात ठेवून केळुसकर पहिल्यांदाच दाराकडे निघाले. रेंगाळत, मागून कोणीतरी हटकेल म्हणून.

दार आपोआप उघडलं.