पाचवं कडवं

वादळात पूल वाहून गेला आणि गावातलं पीठ संपलं. उरला कडू कसावा, तो विषारी कंद. आमचं पाच कडव्यांचं गारिफुना गाणं संपेस्तोवर पिळला तरच त्याचं विष उतरतं. निकासियामावशीनं कीस भरलेली वेताची लांब गाळणी झाडाला टांगली. ती ताणायला तिच्या खालच्या टोकात अडकवलेल्या दांड्यावर जड माणूस हवं. “या बाई, आज तुमचं वजन कामी येईल!” शाळेच्या बाई बसल्या. जमलेल्या बायका हसल्या, मी नाही. वर्गात आमच्या याच गारिफुना भाषेत बोलले म्हणून याच बाईंनी मला उन्हात उभं केलं होतं. चौथ्या कडव्यानंतर गाणं अडलं. “पुढचं कुणाला येतं गं?” मावशी घाबरली. पोरं भुकेली होती. दांड्यावरून पाचवं कडवं गाणारा कापरा आवाज उठला. “बाई, तुम्हाला?” मी विचारलं. “आईनं शिकवलेलं,” म्हणत त्या डोळे मिटून गात राहिल्या. ऊन त्यांच्या तोंडावर आलं. त्यांच्यावर कसाव्याच्या रिकाम्या टोपलीची सावली धरून मी उन्हात उभी राहिले.